सोनोग्राफीचें यंत्र : पहारेकरी हवा कीं गुरु ?

एखादें नवें साधन समाजाच्या हातीं आलें म्हणजे त्याबरोबर दोन प्रश्न उभे राहतात. त्याचा दुरुपयोग कसा टाळावा, हा एक. आणि त्याचा सदुपयोग कोणीं व कसा शिकवावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची निकड चटकन् ध्यानांत येते, म्हणून त्याचें उत्तर आधीं शोधलें जातें. दुसरा मागें पडतो. सोनोग्राफीच्या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांत असेंच घडलें आहे, असें आमचें मत आहे. संगणक व त्यांना जोडणारें जाळें यांच्याकडून आपण या यंत्रावर पहारा करून घेतला. परंतु यंत्र चालविणारे हात आणि चित्र ओळखणारे डोळे त्याच जाळ्यावाटे घडवितां येतात, याकडे आपलें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

प्रथम हें यंत्र करतें तरी काय, तें पाहूं. सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनि मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं. सोनोग्राफींत सामान्यतः सेकंदास २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनें असलेला ध्वनि शरीरांत सोडतात. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते, हा शोध प्येर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं लावला. उलट, अशा पदार्थांस वीज दिली असतां ते कंप पावतात. अंगावर फिरवावयाचा जो भाग, ज्यास प्रोब म्हणतात, तो बहुतेक यंत्रांत याच गुणावर चालतो. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनि सेकंदास सुमारें १,५४० मीटर वेगानें जातो. म्हणजे १० सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवावरून त्याचा प्रतिध्वनि सेकंदाच्या सुमारें ७,७०० व्या भागांत परत येतो. असे असंख्य प्रतिध्वनि मोजून त्यांचें चित्र क्षणोक्षणीं पडद्यावर उमटविणें, हें आजच्या यंत्रांत संगणकाचें काम. ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढें ही पद्धति प्रसूतिशास्त्रांत जगभर रूढ झाली.

परंतु या चित्राचा एक विशेष आहे. प्रोब किंचित् कलला तर पडद्यावरचा अवयव बदलतो. दाब कमी झाला तर सगळें अंधुक होतें. जें हातानें धरलें नाहीं तें डोळ्यांना दिसत नाहीं, आणि जें डोळ्यांना ओळखतां येत नाहीं तें दिसूनही व्यर्थ जातें. म्हणून या विद्येंत यंत्राच्या किंमतीपेक्षां तें वापरणाऱ्याच्या शिक्षणाची किंमत अधिक आहे.

आतां जाळ्याकडे वळूं. पूर्वीं प्रत्येक कारखानदाराचें यंत्र आपलीं चित्रें आपल्याच रीतीनें सांठवीत असे. जणूं प्रत्येकाची लिपि निराळी. अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था व वैद्युत उपकरणें करणाऱ्या कारखानदारांची संस्था यांनीं मिळून १९८५ सालीं एक समान पद्धति प्रसिद्ध केली, व १९९३ सालीं तिला ‘डायकॉम’ हें नांव मिळालें. या सामाईक लिपीमुळें एका गांवीं घेतलेलें चित्र दुसऱ्या गांवच्या तज्ज्ञाला जसेंच्या तसें वाचतां येतें. ही सोय मोठी खरी. पण चित्र मुळांत नीट घेतलेलेंच नसेल तर वेगवान् जाळें तरी काय करणार? वाईट चित्र लवकर पोंचवील, एवढेंच.

आपल्याकडे या यंत्राचा इतिहास दुःखद वळणानें गेला. गर्भाची काळजी घेण्यासाठीं आलेलें साधन मुलीचा गर्भ शोधून तो नाहींसा करण्याकडे वापरलें जाऊं लागलें. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला, १९९४ सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला, व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयांत दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ च्या शिरगणतींत ९४६, २००१ मध्यें ९१३ व २०११ मध्यें ८९४ अशी घटतच गेली. या परिस्थितींत कोल्हापूर जिल्ह्यांत प्रशासनानें एक उपाय योजिला. गर्भवतीच्या तपासणीचा कायद्यानें ठरविलेला अर्ज इंटरनेटवरून भरावा, आणि प्रत्येक यंत्रास तपासणीचीं चित्रें सांठवून ठेवणारें ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नांवाचें उपकरण जोडावें, असा हुकूम निघाला. कांहीं वैद्यकीय मंडळींनीं त्यास हरकत घेतली. परंतु २०११ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हा हुकूम योग्य ठरविला. ज्या समाजांत हजारामागें शंभराहून अधिक मुली कमी भरतात त्या समाजाला पहाऱ्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

तथापि पहारेकऱ्याचें काम कोठें संपतें, हेंही ओळखलें पाहिजे. काय करूं नये, हें तो सांगतो. काय करावें, हें तो शिकवीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं अशी शिफारस केली कीं, प्रत्येक गर्भवतीची २४ आठवड्यांच्या आंत एकदां सोनोग्राफी व्हावी. गर्भाचें वय किती, गर्भ एक कीं जुळे, कांहीं व्यंग आहे कीं काय, हें तेव्हां कळतें. पुढील महिन्यांत वार खालीं आहे कीं काय, मूल आडवें आहे कीं काय, हें वेळीं समजलें तर डोंगराळ गांवच्या बाईला आधींच मोठ्या रुग्णालयाच्या जवळ आणून ठेवतां येतें. न समजलें तर ऐन वेळीं, रात्रीं, वाहनाची वाट पाहण्यांत दोन जीवांचा निकाल लागतो. अशा ठिकाणीं यंत्र असून तें चालविणारा जाणता मनुष्य नसेल, तर पहारा कसला ठेवावयाचा ?

दूरवरून हात घडवितां येतो याला प्रमाण आहे. २००४ सालीं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मायकेल फिंक व गेन्नादी पादाल्का हे दोन अंतराळवीर होते. दोघेही डॉक्टर नव्हते. पृथ्वीवर मिळालेलें थोडें शिक्षण आणि संगणकावर घेतलेली उजळणी, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं खांद्याची सोनोग्राफी केली. ह्यूस्टन येथील तज्ज्ञ चित्र पाहत व प्रोब कसा फिरवावा तें बोलून सांगत. दुसरें प्रमाण २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाचें. हृदयाच्या सोनोग्राफीचा पूर्वानुभव नसलेल्या ८ परिचारिकांनीं २४० रुग्ण तपासले. हात कोणीकडे वळवावा हें संगणक त्यांस पडद्यावर सुचवीत होता. त्यांपैकीं २३७ रुग्णांचीं चित्रें, डाव्या कप्प्याचा आकार व कार्य ठरविण्यास पुरेशीं आहेत, असा निर्वाळा तज्ज्ञांनीं दिला. अंतराळांत जें साधतें तें गडचिरोलींत वा नंदुरबारांत कां साधूं नये ?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, जाणते हात वाढले कीं दुरुपयोगही वाढेल. आमचें उत्तर असें : ज्याचें प्रत्येक चित्र दूरवर बसलेला गुरु पाहतो, त्याला लपून कांहीं करणें अधिक कठीण जातें, शिकविण्याचा दुवा हाच सर्वांत चांगला पहारा होय. शिवाय कायदा कोणाला वगळून हें करावयाचें नाहीं. गर्भवतीची तपासणी ज्या डॉक्टरांस कायद्यानें करतां येते त्यांनाच ती शिकवावी. त्यांच्या सहा महिन्यांच्या शिक्षणाचे नियमही २०१४ सालीं झालेले आहेत.

दुसरा आक्षेप असा कीं, यंत्र स्वतःच इतकें शहाणें होत आहे तर मनुष्याला शिकवावें कशाला ? परंतु वरील अभ्यासांतही त्या परिचारिकांना आधीं शिकविलें होतें, आणि चित्र चांगलें कीं वाईट हें ठरविणारे तज्ज्ञ माणसेंच होते. संगणक हाताला वाट दाखवील. समोरच्या बाईला काय सांगावें, तिला केव्हां पुढें पाठवावें, आणि चूक झाली तर कोणीं जबाबदार राहावें, हें तो ठरविणार नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानें आपल्या आसपासच्या ग्रामीण रुग्णालयांसाठीं आठवड्यांतून एक तास राखून ठेवावा. रुग्णाच्या संमतीनें, तिचें नांवगांव काढून, त्या आठवड्याचीं चित्रें जाळ्यावर पाहावीं, आणि काय चुकलें व काय साधलें याची चर्चा करावी. शिकाऊ डॉक्टरांसाठीं उत्तम व सदोष चित्रांचा संग्रह मराठींत टिपणें देऊन सिद्ध करावा. ‘वार’ हा शब्द ज्या बाईला कळतो तिच्याशीं बोलावयाचें आहे, हें डॉक्टरानेंही विसरूं नये. यासाठीं फार मोठा खर्च लागत नाहीं. लागते ती शिकविणाऱ्याची नेमानें दिलेली वेळ.

आमच्या वाचकांपैकीं कांहीं उद्यां डॉक्टर होतील, कांहीं परिचारिका, कांहीं संगणकतज्ज्ञ, तर कांहीं सरकारी अधिकारी. यंत्रें विकत घेण्याचे व त्यांस कुलुपें लावण्याचे हुकूम त्यांच्याच सहीनें निघतील. सही करतांना त्यांनीं एवढें अवश्य विचारावें कीं, या यंत्रामागें शिकविणारा कोण आहे, आणि तो कोणत्या दिवशीं, किती वाजतां भेटेल.