भाकरी गेली हे खरे, पण…



गावोगावच्या सभांत भाषण संपले की एक प्रश्न हमखास येतो. "पूर्वी आपल्याकडे कॅन्सर नव्हता. हायब्रीड आले, भाकरी गेली, म्हणूनच हा रोग आला ना?" इंदिरानगरच्या जिल्हा बैठकीपुढे याचे उत्तर आम्ही मांडत आहोत.

भाकरी गेली हे खरे. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उतारा वाढला, पण काढणीच्या पावसात खरिपाचा दाणा काळा पडे आणि बाजारात भाव पडे. कापसाने रान व्यापले, रेशनवर गहू-तांदूळ आला, घाणीच्या तेलाची जागा पामतेलाने घेतली. हे अडाणीपणाने झाले नाही, हिशेबाने झाले. ज्वारी परवडली असती तर शेतातून हलली नसती.

कोंड्यासकटचे धान्य आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करते, हेही खरे. पण "पूर्वी कॅन्सर नव्हता" हे खरे नाही. पूर्वी कोणी मोजत नव्हते. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हा तर भाकरीचाच मुलूख. तिथे बायकांत सर्वांत जास्त आढळला तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. तो एका विषाणूमुळे होतो, भाकरीने टळत नाही. तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखू, मिश्री, गुटख्याने होतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पुडी मात्र टपरीवर मिळतेच.

बार्शीच्या नोंदणीचे कर्मचारी गावात जाऊन लक्षणे समजावू लागले, तशा बायका रोग वाढण्याआधी दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कोरडवाहू गावांतच हे सिद्ध झाले आहे.

उशिरा सापडलेला कॅन्सर माणूस नेतो आणि जमीनही नेतो. म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, स्तनात गाठ लागली, तोंडातला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर सुगीची वाट पाहू नका. घरातल्या पुरुषांनी स्वतः सोबत जावे. लाजेपायी बाई गमावणे हा कसला मोठेपणा?

सरकारकडे मागणे दोन. तीस वर्षांवरील प्रत्येक बाईची एचपीव्ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, ठरल्या दिवशी, फुकट व्हावी. आणि ज्वारी हमीभावाने खरेदी करून रेशनवर द्यावी. भाकरी ताटात परत यावी, ही आमचीही इच्छा आहे. पण ती खायला घरची माय जिवंत हवी.