पाणी मुंबईला, माणूस भट्टीला

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे त्याच तालुक्यात भातसा धरण उभे राहिले. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा आज एकट्या भातसाचा आहे. मुरबाडकडील बारवीचे पाणी औद्योगिक वसाहतींची व शहरांची तहान भागविते. आणि दर उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर बायाबापड्या रिकामे हंडे मांडून टँकरची वाट पाहत असतात.

पाण्याचा हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. त्याच उतारावरून माणसेही खाली जातात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. भाताची कापणी-झोडणी आटोपली की डोंगरपट्ट्यात काम उरत नाही. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीचा मुकादम कातकरी वाडीत येतो, बयाणा देतो आणि बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे भिवंडी-कल्याणच्या वाटेला लागतात. नवरा-बायको विटा थापतात. पोरांची शाळा सुटते. हिशेब होतो पावसाच्या तोंडावर. आठवड्याची खर्ची वजा जाता पुष्कळदा मजुराकडेच देणे निघते व ते पुढील हंगामावर चढते.

लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणाऱ्यास ठाणे जिल्ह्यात एकेकाळी लग्नगडी म्हणत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात स्पष्ट केले. मग बयाणा टिकतो कसा? केवळ मालकाच्या दुष्टपणाकडे बोट दाखविणे अपुरे आहे. ज्या आठवड्यांत बयाणा वाटला जातो, त्या आठवड्यांत वाडीत दुसरा पैसाच नसतो. अशा वेळी जो रोकड पुढे करतो, तो सहा महिन्यांचे श्रम आपल्या भावाने विकत घेतो.

या दुखण्यावरचे औषध महाराष्ट्रानेच शोधले होते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मागेल त्याला काम देण्याचे बंधन शासनावर आले आणि त्या खर्चासाठी शहरी पगारदारांच्या व्यवसायकराचा पैसा लावण्यात आला. शहर खेड्याचे देणे लागते, या तत्त्वाची ती कबुलीच होती. परंतु हमी वेळेवर पाळली तरच हमी. पौषात निघणाऱ्या कामाने आश्विनातला बयाणा टळत नाही.

मुंबईच्या चाळीतील वा झोपडपट्टीतील श्रमिकाचे पाणी तोडा, असे कोणी म्हणत नाही. तोही याच व्यवस्थेचा बळी आहे. मागणी साधी आहे. कापणी संपण्यापूर्वी वाडीवाडीत कामे मंजूर व्हावीत, मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हाती पडावी आणि धरणाकाठच्या पाड्यांच्या नळाचा खर्च शहराच्या पाणीपट्टीतून निघावा. ही भीक नव्हे, थकलेल्या देण्याची वसुली आहे.

भट्टीवर कातकऱ्याच्या बयाण्याचा हिशेब दरसाल पै-पैने मांडला जातो. १८९२ पासून वाहून गेलेल्या पाण्याचा हिशेबही आता एकदा मांडला गेला पाहिजे. त्यात देणेकरी कोण ठरतो, हे पाहण्याचे धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवावे.