बीड ते मुंबई विमानाने ५५ मिनिटे! पण विमानात बसायचे कुठे?

मोबाइलवर बीड ते मुंबई विमानाने किती वेळ लागतो, असे शोधले की काही संकेतस्थळे बेधडक उत्तर देतात: अंतर सुमारे ३०० किलोमीटर, वेळ ५० ते ५५ मिनिटे. बीडला विमानतळच नाही, याची त्या उत्तराला फिकीर नसते.

हा आकडा येतो कुठून? दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन सरळ हवाई अंतर काढले जाते. त्याला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि उड्डाण, उतरणे यासाठी अर्धा तास वर धरतात. गणित बरोबर, प्रवास मात्र काल्पनिक.

खरा हिशेब वेगळा आहे. बीडहून छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे गाडीने दोन-अडीच तास. तासभर आधी पोहोचायचे, तासाभराचे उड्डाण, मग मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायचे. पाच-साडेपाच तास झाले. थेट रस्त्याने साधारण ३८० किलोमीटरला सात-आठ तास लागतात. वाचले किती? दोन-अडीच तास, तेही विमानाची वेळ जुळली तर. दिल्लीला जायचे असेल तर गोष्ट निराळी. तिथे विमानाला पर्याय नाही.

शिवाय जिल्हा एक असला तरी विमानतळ एक नाही. गेवराईकराला संभाजीनगर जवळ, आष्टीकराला पुणे सोयीचे आणि परळीकराची नजर नांदेडकडे. दरवर्षी ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या प्रवासाची वेळ तर कोणतेच संकेतस्थळ सांगत नाही.

मग बीडलाच विमानतळ करावे का? मागणी जुनी आहे, पण शेजारच्या लातूरकडे पाहावे. तिथे धावपट्टी आहे, तरी नियमित विमानसेवा वर्षानुवर्षे टिकलेली नाही. धावपट्टी सरकार बांधू शकते, रोजचे प्रवासी आणायचे कुठून? 'उडान' योजनेत कंपन्यांना तीन वर्षे तोटा भरून मिळतो. ती मुदत सरली की अनेक मार्गांवरची विमाने बंद पडतात, हे देशभर दिसले आहे.

बीडचे अंतर खरोखर कमी करू शकते ती रेल्वे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षांत १६७ किलोमीटर! परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. बीडला रूळ आले, हा आनंद मोठाच. पण सुरुवात झाली ती अहिल्यानगरपर्यंत जाणाऱ्या डेमूने, आणि मुंबईत उपचाराला निघालेल्या रुग्णाला किंवा मंत्रालयात कागद घेऊन जाणाऱ्याला तिथे गाडी बदलणे परवडत नाही.

त्याला हवी ती रात्री बीडला बसून सकाळी दादरला उतरवणारी, परवडणाऱ्या तिकिटाची गाडी. विमानतळासाठी जागा शोधण्याआधी लोकप्रतिनिधींनी रेल्वे मंत्रालयाकडे या एका गाडीचे वेळापत्रक मागावे.