दीड वाजताचा उपग्रह, पहाटेचा धूर

मार्च लागला की महागाव तालुक्यातल्या डोंगरांवरचं सागवान उघडं पडतं आणि खाली पाल्याचा थर साचतो. मोहाखालची जागा साफ करायला कुणी काडी लावतं, कुणी शेताचा धुरा पेटवतं, कुणी रस्त्यावरून जळती विडी फेकतं. वारा साथीला असला की पुढचं काम पाला करतो. पैनगंगेच्या या पट्ट्यात वणवा नवा नाही. नवं आहे ते आकाशातून पाहणारं यंत्र. त्यामुळे एक विचार सहज पुढे येतो: परदेशात वणव्याच्या धुराचे लोट उपग्रहांवरून टिपतात, तसे इथेही टिपावेत, गावांना इशारे द्यावेत आणि जाळणाऱ्याला पकडावं. एका दमात तीन अपेक्षा आल्या. त्यांना एकच उत्तर देता येत नाही.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या जंगलांचा धूर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीवर उतरला, आकाश नारिंगी झालं, आणि तिथल्या नातेवाइकांचे फोटो आपल्याही फोनवर येऊन धडकले. तो धूर अमेरिकेचे भूस्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी टिपत होते. तरीही तिथे नकाशावर धुराची हद्द आखायला प्रतिमा वाचणारी माणसं बसलेली असतात. शिवाय ती आग वेगळी असते. सूचिपर्णी झाडं शेंड्यापर्यंत पेटतात, धूर काही किलोमीटर उंच चढतो आणि समुद्र ओलांडतो. आपला वणवा जमिनीवरून सरपटतो. पाला, गवत, काटक्या जळतात, मोठी झाडं बहुधा उभी राहतात. धूर निघतो तो पातळ आणि बुटका. एप्रिलची पांढुरकी, उघडी जमीन आणि हवेतली धूळ यांच्यावर तो पसरला की प्रतिमेत वेगळा काढणं अवघड होतं. त्याच सुमारास आसपास कुठे उसाचं पाचट, कुठे पऱ्हाट्या जळत असतात, वीटभट्ट्याही चालू असतात. सगळा धूर एकत्र मिसळल्यावर कुणाचा किती, हे वरून कोण सांगणार?

याहून मोठी अडचण वेळेची आहे. वणव्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे व्हीआयआयआरएस संवेदक ज्या उपग्रहांवर आहेत, ते आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी ऊन कडक असतं, तापलेली हवा धुराला वर उचलून पांगवते. उपग्रह मोजतो तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतला गढूळपणा. त्यातला नाकाशी किती, हे त्याला थेट कळत नाही. रात्री उलट घडतं. जमीन निवते, थंड हवा खोलगट भागात बसते आणि धुमसत्या ओंडक्यांचा धूर तिथेच अडकतो. तेव्हा उपग्रहाला आगीची ऊब दिसते, पण धूर पाहायला लागणारा उजेड नसतो. मोह वेचणारी बाई टोपली घेऊन निघते ती नेमकी पहाटे. आपले इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस दिवसभर देशावर नजर ठेवून असतात हे खरं, पण त्यांच्या उष्णता टिपणाऱ्या प्रतिमेतला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा. त्यात दोन-तीन गावं मावतात.

म्हणून धुराचा माग काढणं फोल आहे, असं आम्ही म्हणणार नाही. ते मोठ्या पल्ल्याचं काम आहे. गडचिरोली, बस्तर, ओडिशा या पट्ट्यातल्या उन्हाळी आगींचा एकत्रित भार उपग्रहांना चांगला दिसतो. सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह तर हवेतला कार्बन मोनॉक्साइडही मोजतो. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था दिल्लीच्या हवेचा अंदाज देते, तेव्हा उपग्रहांनी टिपलेल्या शेतातल्या आगी हिशेबात धरते. असा अंदाज विदर्भासाठीही करता येईल. पण अंदाज चुकला की बरोबर आला, हे ताडायला जमिनीवर मोजमाप हवं, आणि हवा मोजणारी केंद्रं मुख्यतः शहरांत आहेत.

आगीचा इशारा ही मात्र हाताशी असलेली गोष्ट. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या जागा राज्यांना कळवते. तेलंगणातल्या शादनगरला उपग्रहाची माहिती उतरते, वनक्षेत्राच्या नकाशाशी ताडली जाते आणि एसएमएसने खाली जाते. आधी ठिपका एक किलोमीटरचा होता, आता ३७५ मीटरचाही मिळतो. २०२३-२४ च्या हंगामात देशभरात असे २,०३,५४४ ठिपके नोंदले गेले. इशाऱ्यासाठी नाव कुणालाही नोंदवता येतं, ग्रामसभेच्या अध्यक्षालाही.

राहिला पकडण्याचा प्रश्न. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि शेकडो हेक्टरचं बीट एकट्यानं सांभाळणाऱ्या वनरक्षकाला उपग्रहाचा ठिपका म्हणजे आयता साक्षीदार वाटला तर त्याला दोष देता येत नाही. धाक नसेल तर कुणी ऐकत नाही, असं तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. आगीत कोवळी रोपं मरतात, चारा जातो, आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून मुद्दाम लावलेली आगही असतेच. पण ठिपका जागा आणि वेळ सांगतो, हात सांगत नाही. संशय पहिला जातो तो जंगलाजवळ राहणाऱ्या आंध, गोंड, कोलाम कुटुंबांवर, महामार्गावरून विडी फेकून गेलेल्यावर नाही. पंजाबचा अनुभवही समोर आहे. दंडाचं भय वाढलं तसे २०२४ मध्ये शेतकरी उपग्रह निघून गेल्यावर, दुपार कलल्यावर भाताची पराली पेटवू लागल्याचं दिसलं. कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या प्रतिमांमध्ये तो उशिराचा धूर सापडला. आकडे खाली आले आणि धूर होता तिथेच राहिला. महागावात हीच शिकवण द्यायची आहे का?

आमचा कौल असा. ठिपक्यांवरून गुन्हे दाखल करू नयेत. त्याऐवजी गेल्या दहा वर्षांच्या जळीत जागांचा नकाशा करावा. सेंटिनेल-२ च्या दहा मीटरच्या प्रतिमांत काळी पडलेली जमीन स्पष्ट दिसते, आणि तोच उतार दरवर्षी जळत असेल तर त्याचं कारण त्या गावात बसून विचारता येतं. जाळरेषा कुठे घ्यायच्या, आगरक्षक मजूर कुठे नेमायचे, मोहाखाली जाळ्या कुठे बांधून पाहायच्या, हे त्यातून ठरेल. मध्य प्रदेशात काही ठिकाणी जाळ्यांवर वेचलेल्या स्वच्छ मोहाला वेगळा बाजार मिळू लागला आहे. आगीचा इशारा मराठीत, ग्रामसभेच्या फोनवर, वनपालाला मिळतो त्याच क्षणी जावा.

धुरासाठी आम्ही एवढंच मागू: सूक्ष्म कण मोजणारी दोन स्वस्त यंत्रं, एक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयावर आणि एक जंगलाला लागून असलेल्या एखाद्या शाळेवर. ही यंत्रं पावसाळ्यातल्या दमटपणात चुकतात, उन्हाळ्यात त्यामानाने बरी चालतात, आणि अधूनमधून मोठ्या केंद्राशी ताडून घ्यावी लागतात. पहाटे पाचचा आकडा आणि दुपारी दीडची प्रतिमा शेजारी ठेवली, तर वरून किती दिसतं आणि किती सुटतं ते दोन हंगामांत कळेल. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. तोवर यंत्रं लागली नाहीत, तर हे मोजमाप सरळ एक वर्ष पुढे जाईल.