प्रतिध्वनीची शहानिशा

आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी राष्ट्रीय महामार्ग 48 वरून चारोटीहून तलासरीकडे जाणाऱ्याने कडेला उभ्या केलेल्या कंटेनरची रांग, पुढील मालमोटारीच्या चाकांमागून उठणारा पाण्याचा पांढरा पडदा आणि त्या रांगेला खेटून, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पाड्याकडे परतणारी वारली स्त्री, ही तिन्ही एकाच दृष्टिक्षेपात पाहिलेली असतात. मनुष्याचा डोळा, थकलेला असला तरी, त्यांतून त्या स्त्रीला निवडून काढतो. रडारला ती निवड कितपत साधते, हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. मोठ्या बसगाड्या आणि मालमोटारी यांवर संकटकाळी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 साली प्रसिद्ध केला असून, अशा यंत्रणेची भिस्त बहुधा रडार व कॅमेरा यांवरच असते.

या मसुद्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. याच महामार्गावर, सूर्या नदीच्या पुलावर, 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा चारोटीचे नाव साऱ्या देशाने ऐकले. डहाणू-तलासरीच्या रहिवाशांना या रस्त्याची दहशत त्याआधीपासूनच ठाऊक होती. परंतु यंत्राच्या स्वाधीन ब्रेक करण्यापूर्वी ते यंत्र कोठे फसते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

रडार लहरी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून अंतराचा व वेगाचा अदमास बांधते. लहर लोखंडी कठड्यावरून उसळून मालमोटारीच्या अंगावर आपटली आणि तशीच वळसा घेऊन परतली, तर तिला लागलेला जादा वेळ हेच जादा अंतर समजले जाते, आणि जेथे काहीच नाही तेथे एक वाहन उभे राहते. पुलाच्या सांध्यातील लोखंडी पट्टी आणि डोक्यावरचा दिशादर्शक फलक यांची उंची ज्या रडारला नीट उमगत नाही, त्याला ती वाटेतच पडलेली भासतात. बंपरवर पुट्टीचे थर देऊन वर धातुमिश्रित रंग मारला, तरी मागे दडलेल्या रडारची दृष्टी बिघडते. आणि पाऊस! वाहनांतील रडार बहुधा 77 गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्या लहरीची लांबी सुमारे 4 मिलिमीटर, म्हणजे मुसळधारेतल्या टपोऱ्या थेंबाएवढीच, असते, त्यामुळे धुक्यातून सहज पार होणारी ही लहर आपल्याकडच्या पावसात थेंबाथेंबावरून विखुरते.

खोट्या लक्ष्यामुळे अकारण ब्रेक लागला, तर मागून येणाऱ्या ट्रकची धडक ठरलेलीच. असे दोन-तीनदा झाले की चालक यंत्रणाच बंद करून टाकतो. यावर तोडगा म्हणून प्रतिध्वनी खरा मानण्याची किमान मर्यादा आसपासच्या कल्लोळावरून क्षणोक्षणी बदलती ठेवण्याची पद्धत रूढ आहे. मला खरी चिंता आहे ती येथे. शेजारी कंटेनर असला की कल्लोळ वाढतो, मर्यादा वर चढते, आणि त्याला खेटून चालणाऱ्या मानवी देहाचा क्षीण प्रतिध्वनी तिच्याखाली बुडून जाऊ शकतो. ज्या उपायाने खोटे वाहन नाहीसे होते, त्याच उपायाने ती मोळीवाली स्त्रीही नाहीशी होण्याचा संभव आहे.

वेग मोजणाऱ्या रडारची पडताळणी करून त्यावर मुद्रा उमटवण्याचे नियम केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2025 मध्येच जारी केले. दंडाच्या पावतीसाठी जी दक्षता आवश्यक ठरली, ती पायी चालणाऱ्याच्या जिवासाठी कमी पडता कामा नये. म्हणून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची परीक्षा कोरड्या चाचणीमार्गावर संपवू नये. चारोटी ते अच्छाड या पट्ट्यात, ऐन पावसाळ्यात, उभ्या कंटेनरशेजारी माणसाइतकाच प्रतिध्वनी देणारा पुतळा ठेवून ती घ्यावी, आणि तिचा निकाल येथील लोकांना वाचता येईल अशा मराठीत प्रसिद्ध करावा, अशी मंत्रालयाला माझी आग्रहाची विनंती आहे.