काळी बिअर आणि पाण्याचा हिशेब

शरद ऋतू आला की भाजलेल्या सातूपासून केलेल्या काळ्या बिअरचे कौतुक आता पुण्या-मुंबईतही होऊ लागले आहे. आवड ज्याची त्याची. परंतु बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच, आणि पाण्याचा प्रश्न खासगी नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी येडशीवरून गेली. त्याच महिन्यात मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. दुष्काळात न्यायालयाने बजवावे आणि पाऊस पडताच सर्वांनी विसरावे, याला धोरण म्हणत नाहीत. धरणांतील १५ ऑक्टोबरचा साठा पाहून वर्षाचे नियोजन होते, तेही शरदातच. तेव्हाच पिण्याचे पाणी राखून ठेवून मद्य कारखान्यांचा वाटा जाहीर करावा. पेल्याच्या रंगाची चर्चा त्यानंतरच शोभेल.