पसंतीक्रम भरण्याआधी

नीटचा निकाल लागला की कर्जत-खोपोलीच्या घरांत हमखास ऐकू येतं, ‘एमबीबीएस हुकलं, आता निदान फिजिओला नंबर लागतोय का बघू.’ फिजिओथेरपीकडे असं उरलीसुरली जागा म्हणून बघणं मला मनापासून खटकतं. ऑक्युपेशनल थेरपी तर अनेक पालकांच्या कानावरही आलेली नसते. वास्तविक तिची मुहूर्तमेढ आपल्या मुंबईतच रोवली गेली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाईंनी १९५० साली केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं.

महाराष्ट्रात दोन्ही पदव्यांचा प्रवेश नीटमधून होतो, तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी चुकत नाही. पण या कामाची ओळख आपल्या तालुक्यातच करून घेता येते. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी बाई संध्याकाळी उभी राहताना हात कुठे टेकते, ते बघावं. खालापूरकडच्या एखाद्या कारखान्यात बोटं चिरडलेल्या कामगाराचंच घ्या. टाके सुकतात, डॉक्टर घरी सोडतात. पण मूठ वळत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, मोटारसायकलचा क्लच दाबवत नाही. थेरपिस्टचं काम तिथून सुरू होतं. खास प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून त्याच्या हाताच्या आकाराला बसवायचा, स्प्लिंट तयार करायचा. मग तोच सांधा, तोच व्यायाम, आठवडेच्या आठवडे. पेशंट वैतागतो, रडतो, यायचं बंद करतो. त्याला पुन्हा बोलावून आणायचं. हा धीर आपल्यात आहे का, हे मार्कशीट सांगत नाही.

चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप, अशी आजवरची रीत. त्यात कर्जतहून मुंबईला रोज ये-जा करायची, तर लोकलचेच दोन-दोन तास. आवड नसताना हे निभत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. पसंतीक्रम भरण्याआधी मुलांना एखाद्या थेरपी विभागात, परवानगी घेऊन, दोन-चार दिवस बसू द्या. आणि कर्जत-खोपोलीत दवाखाना चालवणाऱ्या थेरपिस्टांनो, पेशंटची हरकत नसेल तर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी सुट्टीत एक खुर्ची ठेवा.